शेजारच्या सीटचं वजन

“दोघांची वजनं सांगा, मास्तर. आणि खरी सांगा, इथे कुणी लग्नाला उभं नाही,” मिस्त्री म्हणाला.

मास्तरांनी स्वतःचं सांगितलं, एकाहत्तर. त्यात पोट धरलंय का, असं मिस्त्रीने विचारलं आणि स्वतःच खो खो हसला.

दोन सीटांची ती जुनी स्पोर्ट्स कार गॅरेजच्या सपाट फरशीवर उभी होती. टेबलावर स्प्रिंगांचे दोन जोड मांडले होते. लाल जोड गाडी चाळीस मिलिमीटर खाली आणणारा, पण दगडासारखा कडक. काळा पंचवीसचा, मऊ शॉकअपबरोबर चालणारा. लाल जोडासाठी मास्तर तीस वर्षं जीव टाकत होते. गाडी रस्त्याला चिकटून धावावी, वळणावर तिने तसूभरही अंग टाकू नये, एवढंच त्यांचं मागणं. आड यायची ती बायको. “आत्ताच बसताना लोटांगण घालावं लागतं,” ती म्हणायची. “आणखी खाली नेलीत तर मला उतरवायला क्रेन बोलवा.”

“म्हणजे वहिनींनी हो म्हटलं शेवटी!” मिस्त्री म्हणाला. “सूर्य कुठे उगवला म्हणायचा आज?”

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायचं ते एवढंसंच होतं. पाच महिन्यांत शेजाऱ्यांना सांगून झालं होतं, बँकेत सांगून झालं होतं, चुकून फोन लावणाऱ्यांनाही सांगून झालं होतं. पण हा माणूस तिला पोट दुखेपर्यंत हसवायचा आणि त्याच्या लेखी ती अजून घरी होती, गुडघ्यांच्या नावाने कुरकुरत. जगात निदान एका माणसाच्या लेखी तरी. ते मोडायला मास्तरांची जीभ रेटेना.

“हो म्हणाली,” ते म्हणाले.

“वजन?”

“चोपन्न.” शेवटी शेवटी अडतीस भरलं होतं. ते त्यांनी गिळलं.

रिकाम्या गाडीचं माप घेणं मिस्त्रीला मान्य नव्हतं. गाडी काय रिकामी फिरते का, हा त्याचा सवाल. माणसं बसवायची, मग चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतची उंची मोजायची आणि त्यावरून स्प्रिंगा ठरवायच्या, ही त्याची रीत. मास्तरांना त्याने स्टीअरिंगमागे बसवलं. वाळूचं पोतं काट्यावर ठेवून बरोबर चोपन्न किलो केलं, शेजारच्या सीटवर आणून टेकवलं आणि कलंडू नये म्हणून वरून पट्टा लावला.

“वहिनी, घट्ट धरून बसा हं,” तो पोत्याला म्हणाला. “नवऱ्याचा भरवसा नाही.”

मास्तर हसले नाहीत. गाडी त्यांच्याखाली हलकेच शेजारच्या अंगाला दबली होती. हे दबणं ओळखीचं होतं. ती बसली की असंच व्हायचं, मग दार लागायचं, मग पदर नाहीतर पर्स अडकल्याची तक्रार, मग “चला.” त्यांच्याही नकळत ते त्या “चला”साठी थांबले. ते काही आलं नाही.

“दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या!” बाहेरून मिस्त्री ओरडला. “पण पोतं ते पोतं, मास्तर. परवा वहिनींनाच घेऊन या. उतरता येतंय की नाही ते त्यांच्याच तोंडून ऐकू, नाहीतर शिव्या मला बसायच्या.”

“ती येणार नाही.”

“का? गुडघे?”

“गेली ती. पाच महिने झाले.”

मिस्त्रीच्या हातातली टेप सुर्रकन आत गेली. “अहो, आणि मी आपला मघापासून...” तो म्हणाला. हातांना काहीतरी करायला हवं होतं. त्याने घाईघाईने पलीकडचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि पोतं कवेत घेऊन बाहेर काढलं. मास्तरांच्या नजरेसमोर ते नको, एवढंच बिचाऱ्याच्या मनात होतं.

रिकामी झालेली बाजू वर आली. मास्तरांना ते बसल्या जागी कळलं.

गप्प राहणं मिस्त्रीला झेपेना. त्याने पुन्हा टेप लावली. “बारा मिलिमीटर वर आली,” तो सवयीने बोलून गेला. “काळजी नको. एकट्याचं माप धरू. बसवताना शॉकअपची चकती दोन आटे फिरवली की दोन्ही बाजू सारख्या, कुणाला कळणारसुद्धा नाही. आणि लालच घ्या आता. आता कुणाची...” वाक्य त्याने तिथेच सोडलं.

“बारा मिलिमीटर,” मास्तर म्हणाले. “चौतीस वर्षं बसली रे ती माझ्या शेजारी. बाराच?”

आणि मग ते रडले. स्टीअरिंगवर कपाळ टेकून, लहान मुलासारखे हुंदके देत रडले. मिस्त्री फडक्याने हात पुसत उभा राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत राहिला.

बऱ्याच वेळाने मास्तरांनी डोकं वर केलं. “पोतं ठेव परत.”

“मास्तर, कशाला जिवाला त्रास...”

“ठेव. पट्टाही लाव. काळ्या स्प्रिंगा घाल, मऊ शॉकअप. आणि माप दोघांचं धर.”

“अहो, पण रोज एकटेच चालवणार ना तुम्ही? गाडी कायम तुमच्या बाजूला कललेली राहील.”

“कलू दे,” मास्तर म्हणाले.