बुडून मेलेली पाणघोडी

लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळही. त्या वर्षी औशात मुक्कामी असलेल्या सर्कशीतली पाणघोडी मेली. टँकरवाटपाचे अधिकारी विरूपाक्ष यांनी अहवाल दिला, 'हौद काठोकाठ भरलेला असल्याने प्राणी बुडून मृत्यू पावला.' पाणघोडी पाण्याखाली झोपते आणि झोपेतच दर काही मिनिटांनी वर येऊन श्वास घेते. म्हणजे झोपेतही न बुडणारा प्राणी औशात बुडाला होता. पिल्लू असल्यापासून तिला वाढवणाऱ्या दिलशादने मात्र कोरड्या हौदात तिची कातडी तडकताना पाहिली होती, आणि सर्कशीचा टँकर रोज विरूपाक्ष साहेबांच्या उसाकडे वळतानाही.

तरी चौकशीत तिने अहवाल खोडला नाही. रिकाम्या घागरी घेऊन जमलेल्या बायांसमोर ती तहसीलदारांना अदबीने म्हणाली, "हाव, बुडूनच मेली. साहेबांनी लई पाणी दिलं तिला."

"आमची लेकरं तहानलेली, अन् जनावराला बुडेस्तोवर पाणी?" त्यांतल्या मल्लम्माने तिथेच बसलेल्या विरूपाक्षांवर घागर उगारली. मागच्या बाया पुढे सरकल्या.

विरूपाक्ष जिवाच्या भीतीने ओरडले, आणि तहसीलदारांनी ते शब्दशः लिहून घेतले:



"खोटं हाय! महिनाभर त्या हौदात थेंबभर पाणी सोडलं न्हाई मी!"