नागसेनच्या पत्रांतला हिवाळा

१९९४ सालची गोष्ट. कोरेगावच्या बनाबाईकडे अंटार्क्टिकाहून मुलाची पेटी आली, तेव्हा मुलगा जाऊन चार महिने झाले होते.

नागसेन फौजेतला. तिथल्या एका ठाण्यावर हवामान नोंदायला गेला होता. नोंदींच्या खोलीला आग लागली, वह्या काढायला तो आत शिरला आणि बाहेर आला नाही. हिवाळ्यात तिथून टपाल निघत नसे. आईला रोज लिहिलेली पत्रं पेटीतच साठली होती. प्रत्येकाच्या माथ्यावर तारीख आणि त्या दिवशीची थंडी.

शिवांजली त्याच्या वर्गातली. ध्रुवीय नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरीला होती. कुणी, कुठं, काय मोजलं हे सगळ्यांना वापरता यावं म्हणून अनेक देश मिळून एक सूची करत होते. तीत नागसेनचा हिवाळा तेवढा कोरा होता.

"मावशी, पत्रांतले आकडे मिळाले तर त्याचं नाव लागेल."

"पत्रं न्यायची न्हाईत. हितंच बसून उतरून घे."

"मजकूर वाचणार नाही मी."

"वाच की. तुझी चेष्टाबी आसंल त्यात. शाळंत लय रडायचीस म्हणं."

तीन दिवस शिवांजली सोप्यात बसून लिहीत राहिली. उणे बारा. उणे चौदा. उणे अकरा.

दीड महिन्यानं ती परत आली. पुढ्यातला चहा तिनं घेतला नाही.

"सूचीवाल्यांनी नाकारलं, मावशी. तिथंच शेजारी असलेल्या दुसऱ्या एका देशाच्या ठाण्यावर त्याच दिवसांत फार जास्त थंडी होती. हे आकडे खोटे आहेत म्हणाले."

"खोटंच हायत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. अक्षर येत न्हाई मला, आकडा येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कुठं? मान खाली घालून नुसती उतरत बसलीस." बनाबाईनं पेटी पुढं ओढली. "बस. आता मी सांगते तसं लिव."

नवे आकडे शेजारच्या ठाण्याशी जुळले. पुढच्या वर्षी सूची निघाली.

बनाबाई अठ्ठ्याण्णव साली गेली. शिवांजली त्याच कचेरीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाली. सूची अजून चालू आहे. त्या हिवाळ्यापुढं निरीक्षक म्हणून नागसेनचं नाव आहे आणि खाली शिवांजलीची टीप: 'आमच्या भागातले फौजी घरी संकट निम्मेच कळवतात. निरीक्षकाच्या आईच्या सांगण्यावरून प्रत्येक आकडा दुप्पट केला आहे.'