विनेशच्या मतावर आक्षेप

“विनेश चोगले,” मतदान अधिकाऱ्याने यादीतलं नाव मोठ्याने वाचलं, आणि खिडकीजवळच्या बाकावर बसलेला एका उमेदवाराचा प्रतिनिधी दादू मान वर करायच्याही आधी ओरडला, “थांबा! हा विनेश न्हाय.”

झालं! सकाळपासून सगळं कसं सुरळीत चाललं होतं. प्रज्ञाने हातातला पेन खाली ठेवला. म्हसळ्याच्या शाळेत गणित शिकवणारी ही बाई. सरकारने तिला दिवेआगरच्या अलीकडच्या या गावात मतदान केंद्राध्यक्ष करून पाठवलेलं. मागच्या ग्रामपंचायतीला इथेच कोणीतरी दुसऱ्याच्या नावावर मत टाकून गेलं होतं आणि तेव्हाचे केंद्राध्यक्ष निलंबित झाले होते. बरं, खऱ्या मतदाराला परत धाडलं तरी तक्रार व्हायचीच. दोन्हीकडून मरण आपलंच.

समोरचा माणूस पस्तिशीचा, दाढी वाढलेला. त्याच्या मागे केसर उभी होती, विनेशची थोरली बहीण.

“माझा भाऊ हाय हा, मॅडम. काल आला मुंबैवरनं.”

दुसऱ्या बाजूच्या प्रतिनिधीने प्रज्ञाला हळूच हकिगत सांगितली. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळाच्या दिवसापासून विनेश बेपत्ता होता. कोणी म्हणे पळाला, कोणी म्हणे समुद्राने नेला. मृत्यूचा दाखलाच नाही, म्हणून यादीतलं नाव तसंच राहिलेलं. आणि आज, नेमकं मतदानाच्या दिवशी, स्वारी दारात हजर!

प्रज्ञाला हे काही पटेना. माणसाने दिलेलं मतदार कार्ड खरं होतं, पण त्यावरचा फोटो पाणी लागून पार धुऊन गेलेला. यादीतल्या फोटोत तर नुसती काळी सावली. वडिलांचं नाव विचारलं, तर पाठ केलेल्या कवितेसारखं धडाधड सांगितलं. पण मघाशी तो मतदानाची खोली शोधत शाळेच्या व्हरांड्यात दोन वेळा चुकला होता, ते तिने पाहिलं होतं. गावच्या शाळेत शिकलेला माणूस आपलाच वर्ग विसरतो?

“तुम्हाला कसं माहीत, हा विनेश नाही?” तिने दादूला विचारलं.

“शेजारी हाय मी त्याचा. वाडीला वाडी लागून. मधी कुंपण व्हतं, ते वादळात गेलं.” दादूने कपाळ पुसलं. “माझा भाऊ उभा हाय मॅडम, गेल्या टायमाला एका मतान पडला. बोगस मत मी कसं पडू देऊ?”

“विनेशला शेवटचं कधी पाहिलंत?”

“वादळाच्या आधी दोन दिस, बाजारात. वादळाच्या दिवशी कोण भायेर पडतंय? दारं लावून घरात बसलेलो.”

बाकीच्या प्रतिनिधींना विचारलं, तर सगळे बिचारे गोंधळलेले. एक म्हणे, थोडाफार तोच वाटतो. दुसरा म्हणे, दाढीमुळे कळत नाही. छातीठोक बोलत होता तो एकटा दादूच.

प्रज्ञाने आक्षेपाची नाममात्र अनामत घेतली, पावती फाडली आणि खुर्ची ओढून बसली.

“दादूभाऊ, नुसतं नाही-नाही म्हणून भागायचं नाही. ज्याने आक्षेप घेतला, त्याने आधी पुरावा द्यायचा, असा नियम आहे. तुम्हाला नाही जमलं, तर हे मत देणार. जमलं, तर याला मी पोलिसांच्या ताब्यात देणार.”

“रंग बघा की! विनेश सावळा व्हता.”

“मुंबैला सावलीत काम करतो तो,” केसर म्हणाली.

“अंगान बारीक व्हता.”

“वय वाढलं. तुमी काय बारीक ऱ्हायलात?”

रांगेत खसखस पिकली. दादू लालेलाल झाला. बाहेर माणसं खोळंबलेली, वेळ जातोय, आणि केसर तर एकेक मुद्दा येईल तसा परतवतेय. बाई भलतीच तयारीची दिसते, असं प्रज्ञाच्या मनात आलं आणि तिचा संशय आणखी वाढला. पण नुसत्या संशयावर कोणाचं मत अडवता येत नाही.

“शेवटचं विचारते, दादूभाऊ. अंगावरची एखादी खूण सांगता येते का? नाहीतर मी याच्या बोटाला शाई लावायला सांगते.”

“दात बघा ना त्याचे!” दादू उसळून उभाच राहिला. “विनेशचे समोरचे दोन दात तुटलेले, वरचा ओठ फाटलेला. याच्या तोंडात बघा, कसे सगळे शाबूत!”

अरे, मग हे आधी नाही का सांगायचं! प्रज्ञाने त्या माणसाला तोंड उघडायला लावलं. दात सगळे जागच्या जागी. दाढीमिशी बाजूला सारून ओठ पाहिला, तर साधा ओरखडासुद्धा नाही. तिला इतकं हायसं वाटलं की काय सांगावं. वाटलंच होतं मला! तिने दारातल्या पोलीस शिपायाला आत बोलावलं.

“केसरताई, तोतया उभा केलात. याच्याबरोबर तुमच्यावरही गुन्हा दाखल होईल. हा तुमचा भाऊ नाही ना?”

“न्हाय, मॅडम. माझ्या मालकांच्या ओळखीचा हाय. मीच आणला.”

केसरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण ती प्रज्ञाकडे बघतच नव्हती. ती बघत होती दादूकडे.

“गुन्हा लिवा, मी सही करते. फक्त त्यात ह्ये बी लिवा, की वादळाच्या सकाळी माझ्या हातची भाकरी खाऊन विनेश घरातनं निघाला, तवा त्याचे समदे दात जाग्यावर व्हते.”