सातवा कंचा

शुगरनं इंदुताईचे तळपाय दोन वर्षांपासून बधिर झाले होते. काटा रुतला तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. चिमूरच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनं शिकवल्याप्रमाणे ती रोज घरापुढच्या सपरीत बसून पायाच्या बोटांनी कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या, उचलायची. सून दिव्यानी समोर बसून ते करवून घ्यायची, आणि वर चहा द्यायची बिनसाखरेचा.

आज सातव्या कंच्याला इंदुताई किंचाळली, "चावलं व माय! अंगठ्याले चावलं!"

साप समजून तिचा मुलगा गोपाल काठी घेऊन धावला. पाहतो तर अंगठ्याला लाल मुंगी लटकलेली, आणि आई टाळ्या पिटत हसतेय, "कळलं रे मले, कळलं!"

दिव्यानीनं मुंगी झटकली अन् चप्पल उगारली.



"मारू नको व तिले! माह्या वाट्याची साखर घाल तिले!"