मुलीचं इंजेक्शन

हॉस्पिटलातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, उद्या माझं मूल न होण्याचं इंजेक्शन आहे. आई नेणार होती.”

“मतिमंदच ती! आई गेली आणि हिला इंजेक्शन सुचतंय,” माझी बहीण म्हणाली. सुतकात आम्हांला कुणी बाहेर पडू दिलं नाही.

तेराव्यानंतर मी मुलीला आणि जावयाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई माझ्याशीच बोलल्या. “काका, दर तीन महिन्यांनी कशाला खेटे? गर्भपिशवीच काढून टाकू. इथे सही करा.”

“पिशवी बाबांची आहे का?” मुलगी म्हणाली. “मला विचारा. आई मलाच विचारायची. आत्ता नको, पण पुढे मला बाळ हवंय.”

जावयाने मान डोलावली. मी सही केली नाही. डॉक्टरबाईंनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मुलीचं इंजेक्शन अजून राहिलंय.