दुपारी तीनची सकाळ

शोवा पर्वाचे चोपन्नावे वर्ष, म्हणजे १९७९, ऑक्टोबरची तेरा तारीख, शनिवार, दुपारी तीनचा सुमार. हिरोशिमा प्रांतातील एका लहान बंदराच्या धक्क्यावर, तेथील शाळेच्या चित्रपट मंडळाचे अखेरचे चित्रीकरण सुरू व्हायचे होते.

"शुभ सकाळ," कमरेत वाकून उगाकी आजोबा म्हणाले.

कॅमेरा सांभाळणाऱ्या तोदोरोकीने आधी धक्क्यावरच्या घड्याळाकडे पाहिले, मग मासाएकडे.

"गेल्या शनिवारीही हेच," तो हळूच म्हणाला. "म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. नाट्यमंडळातल्या कुणाच्या तरी केसांना पीठ फासू आणि मोकळे होऊ."

"कुणी सकाळ म्हटलं म्हणून सूर्य मागे फिरत नाही," मासाए म्हणाली. "तू भिंग पूस. माणसं पारखणं माझं काम आहे."

किर्यू मासाए सतरा वर्षांची होती आणि दिग्दर्शिका होती. मंडळात आता ती आणि तोदोरोकी असे दोघेच उरले होते. प्रांतीय स्पर्धेत बक्षीस आले नाही तर मार्चअखेर मंडळाला कुलूप लागेल, असे मुख्याध्यापकांनी स्वच्छ शब्दांत सांगितले होते. फिल्मचे एकच रीळ शिल्लक होते, तीन मिनिटे वीस सेकंदांचे. मासाएला यातल्या कशाचीही धास्ती नव्हती; ते बक्षीस तिने मनोमन केव्हाच घेऊन ठेवले होते.

उगाकी आजोबा धक्क्यावर नावेची तिकिटे फाडत. दहा वर्षांपूर्वी ते क्योतोहून इथे आले. तिथे काय करत, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. मासाएने त्यांची पाठ पाहिली आणि त्याच क्षणी निवड केली. प्रवेशपत्र भरताना तोदोरोकीने मात्र सहाव्या रकान्यावर बोट ठेवले होते: कलाकारांपैकी कोणी मोबदला घेऊन चित्रपटात काम केले आहे काय? असल्यास प्रवेश नाही.

"आजोबांना विचारलंस?"

"तिकिटं फाडणाऱ्या माणसाला हे विचारायचं? थट्टा केली असं वाटेल त्यांना." आणि तिने ठसठशीत अक्षरात 'नाही' लिहिले होते.

प्रसंग साधा होता. मुलाची वाट पाहणारा म्हातारा धक्क्याच्या टोकाशी येतो, किनाऱ्याला येणारी नाव पाहतो, "आजही रिकामीच आली" एवढेच म्हणतो आणि कोसळतो.

मासाएने खडूने फुली काढली. आजोबा चालत आले आणि खाली न बघता नेमके त्या फुलीवर थांबले. दुसऱ्यांदा आले, तेव्हाही तिथेच.

"पाहिलंस?" मासाए म्हणाली. "नीट समजावून सांगितलं की कुणीही करतं. यालाच दिग्दर्शन म्हणतात."

वाक्याने मात्र घात केला. 'आजही' म्हटले की आजोबा तिथेच अडकत आणि माफी मागून पुन्हा सुरुवातीच्या जागी जात. पाच तालमी झाल्या, पाचही वाया गेल्या.

"आजोबा, कॅमेऱ्यापुढे कधी बोलला आहात का तुम्ही?"

"नाही, पोरी. आजवर एक शब्दही नाही."

"मग ते वाक्य मला सांगा. मी कॅमेरा आहे असं समजू नका, मी मासाए आहे."

"मला बोलायला सांगणारी तू पहिलीच," आजोबा म्हणाले.

नाव धक्क्याला लागली. रीळ फिरू लागले. आजोबा फुलीवर थांबले, पाण्याकडे पाहत राहिले.

"आजही रिकामीच आली."

आणि ते असे कोसळले की तोदोरोकी कॅमेरा तसाच सोडून धावला. गुडघे आधी गेले, मग खांदा, मग दगडावर गाल. छाती हलत नव्हती.

"आजोबा! मासाए, डॉक्टरांना—"

म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. "कॅमेरा सोडून का आलास रे बाळा?"

सुदैवाने कॅमेरा तिवईवर होता आणि तोदोरोकी चौकटीत शिरण्याआधीच रीळ संपले होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस, दुपारी चार वाजता, हिरोशिमा शहरातल्या सभागृहात तो चित्रपट दाखवला गेला. दिवे लागले तरी कोणी टाळी वाजवेना. मासाएला त्या शांततेचा अर्थ कळला आणि तिने शाळेच्या गणवेशाची कॉलर सरळ केली.

परीक्षकांचे अध्यक्ष हिसामात्सु, तीस वर्षे दिग्दर्शन केलेला पांढऱ्या केसांचा माणूस, मंचावरून उतरले. ते थेट तिच्या रांगेकडे आले. ती उठून उभी राहिली. ते तिला ओलांडून पुढे गेले आणि उगाकी आजोबांपुढे कमरेत वाकले.

"शुभ सकाळ, उगाकीसान."

"शुभ सकाळ," आजोबा म्हणाले. चित्रपटाच्या स्टुडिओत दिवसातली पहिली भेट कितीही वाजता झाली तरी सकाळच असते.

"क्योतोच्या स्टुडिओत माझ्या चित्रपटांत मी किती वेळा मारलं तुम्हाला?"

"तलवारीने एकसष्ट वेळा, भाल्याने दोनदा. बाकीच्या दिग्दर्शकांचं धरलं तर चारशेच्या वर जाईल. पडण्याचा पगार महिन्याच्या महिन्याला मिळायचा. तक्रार नाही."

"आणि तुम्हाला बोलायला एक वाक्य द्यावंसं आम्हाला वाटलं नाही." हिसामात्सु मासाएकडे वळले. "ते तू दिलंस. तुझी नजर पक्की आहे, मुली."

मग ते आपल्या मेजापाशी गेले, तिचे प्रवेशपत्र काढले, चष्मा चढवला आणि सहावा रकाना दोनदा वाचला.

"आजचा सर्वोत्तम चित्रपट हाच," ते म्हणाले. "स्पर्धेतून बाद."