परस्पर दिलेली माफी

यमुनाताई साटम रोज दुपारी कॅन्सर वॉर्डात रुग्णांना धीर द्यायला जात. सात नंबरच्या खाटेवरचे घोसाळकर आबा तीन दिवसांपासून भ्रमात होते. त्या दुपारी त्यांनी एकाएकी यमुनाताईंचा हात घट्ट धरला.

“ललिता, आलीस? तुझ्या आईला मी घराबाहेर काढलं. मला माफ कर गं.”

ललिता ही आबांची मुलगी. निरोप धाडूनही ती आली नव्हती. म्हाताऱ्याची घालमेल यमुनाताईंना बघवेना. “केलं माफ, आबा,” त्या म्हणाल्या. आबांचा चेहरा निवळला. दिवे लागायच्या सुमारास त्यांचा प्राण गेला.

दुसऱ्या दिवशी ललिता आली. तिला बरं वाटेल म्हणून यमुनाताईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती पांढरीफटक पडली.

“बावीस वर्षं मी या एका शब्दाची वाट बघत होते. माझी आई परक्याच्या ओसरीवर मेली, ताई. त्यांनी माफी मागितली तर तोंडावर नाही म्हणायचं, एवढं ठरवून काल एसटीत बसले होते. आणि तुम्ही माझ्या नावानं परस्पर देऊन मोकळ्या झालात?”



“पण ते शांतपणे गेले हो,” यमुनाताई कशाबशा म्हणाल्या.

“तेच तर व्हायला नको होतं,” ललिता म्हणाली, आणि देह ताब्यात घ्यायच्या कागदावर सही करायला तिनं नर्सकडे पेन मागितलं.